माजघरात उजेड आला: काचेच्या कौलांचा वर्षभराचा अनुभव

आमचं घर नंदगडच्या बाजूला, खानापूर तालुक्यात. सोपा (म्हणजे पुढची ओसरी), माजघर, सैपाकघर आणि मागं परसू, असं एकामागं एक लांबट. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती लागून असल्यानं माजघराला खिडकीच नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या खोलीत भर दुपारी बल्ब लावूनच शिरायचं. पावसाळ्यात लाईट गेली की आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, तांदूळ निवडायचं सूप घेऊन सोप्यावर जाऊन बसायच्या, तिथं पावसाची झड यायची. ते बघून मला फार वाईट वाटायचं.

आधी आम्ही एक चूक केली. बेळगावातल्या एका दुकानदारानं प्लॅस्टिकची पारदर्शक कौलं दिली, "काचेपेक्षा भारी, फुटायची भीती नाही" म्हणाला. पहिले सहा महिने छान वाटली. पुढं उन्हानं पिवळी पडत गेली, वर बारीक ओरखडे आले, त्यांत धूळ बसली. दोन वर्षांनी माजघरात उजेड यायचा तो चहासारखा. शिवाय ती शेजारच्या कौलांत नीट बसलीच नव्हती. एका पावसाळ्यात धान्याच्या कणगीवर थेंब थेंब गळून पोतंभर जोंधळा भिजला.

गेल्या वर्षी मेमध्ये कौलं परतायला गवंडी आले तेव्हा त्यांनीच सांगितलं, "ताई, काचेचंच घ्या. पण दुकानात जाताना आपलं एक जुनं कौल पिशवीत घालून न्या. जात वेगळी आली तर पाऊस आत येतोय बघा." हा सल्ला लाखमोलाचा ठरला. मंगळूरला बासेल मिशन या स्विस मिशनरी संस्थेनं 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर असे कितीतरी कारखाने निघाले. प्रत्येकाच्या साच्यात थोडा थोडा फरक. दिसायला सगळी सारखीच, पण खाच खाचेत बसत नाही. मी दुकानात आमचं कौल खाली ठेवून त्यावर काचेचं कौल लावून बघितलं. पहिल्या दोन प्रकारांत कडेला बोट जाईल एवढी फट राहिली. तिसरं मात्र टक्कन बसलं. उन्हात धरून काचेत बुडबुडे, कडेला टवका आहे का, तेही बघून घेतलं. एका कौलाचे 320 रुपये पडले. सहा घेतली, चार बसवायला आणि दोन राखून ठेवायला. आमच्याकडं माकडांचा त्रास आहे, आणि उद्या तोच साचा मिळेल याची खात्री नाही.

कौल कुठं बसवायचं यावर घरात बरीच चर्चा झाली. आम्ही उत्तरेकडच्या पाख्यावर, आढ्यापासून चौथ्या ओळीत, एकाआड एक बसवली. दक्षिणेच्या पाख्यावर हिवाळ्यातलं ऊन दिवसभर आत आलं असतं. उत्तरेकडून येतो तो मऊ, सारखा उजेड. फक्त मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्याकडं डोक्याच्या थोडा उत्तरेला असतो. तेव्हा मेमध्ये तास-दोन तास थेट ऊन उतरतं आणि खोली तापते. त्यावर उपाय म्हणून खालून वाशांना जुनं पांढरं धोतर बांधतो, पहिला पाऊस पडला की सोडतो.

खरी परीक्षा जुलैत झाली. बाहेर काळंकुट्ट आभाळ, दिवसभर धार, तरीही माजघरात मला सुईत दोरा ओवता आला. आभाळ भरून आलेलं असतानाही डोक्यावरचा भाग क्षितिजाजवळच्यापेक्षा साधारण तिप्पट उजळ असतो. म्हणून छपरातली चार छोटी कौलं भिंतीतल्या तेवढ्याच आकाराच्या खिडकीपेक्षा जास्त उजेड देतात. आणि गळालं नाही, एक थेंबसुद्धा नाही.

त्याच्या जोडीनं भिंतीही बदलल्या. कमरेपर्यंतचा हिरवा ऑईलपेंट सगळा उजेड पिऊन टाकत होता. तो खरवडून चुना दिला, त्यात चिमूटभर नीळ. शहाबादी फरशी काळपट आहे, ती तशीच ठेवली. रात्रीला 9 वॅटचा एक एलईडी पुरतो.

देखभालीचं म्हणाल तर दिवाळीआधी एकदा शिडी लावून वरचं शेवाळं आणि पानं ओल्या फडक्यानं पुसायची. शिडी भिंतीला टेकवायची, काचेवर पाय द्यायचा नाही. खालून कोळिष्टकं महिन्याला काढते.

आत्ती आता सूप घेऊन माजघरातच बसतात. पहिल्या दिवशी त्यांनी वर बघितलं आणि म्हणाल्या, "आगं, ह्या खांबाला नक्षी हाय की!" चाळीस वर्षं त्या खांबाला टेकून बसल्या होत्या.

आता सैपाकघराचा नंबर. तिथं चुलीचा धूर असतो, कौलाला आतून काजळी धरणार. म्हणून चुलीपासून लांब, परसवाच्या दाराकडं एकच बसवायचं ठरलंय. राखून ठेवलेल्या दोनांतलं एक तिथं जाईल. गवंड्यांना मेच्या दुसऱ्या आठवड्याचं सांगून ठेवलंय.