लग्नपत्रिकेसाठी फॉन्ट: रोझा वन, टिरो देवनागरी मराठी की मुक्ता?

विदर्भातल्या खेड्यातली लग्नपत्रिका बहुधा तालुक्याच्या प्रेसमध्ये छापली जाते, आणि तिच्यावर वधूवरांपेक्षा विनीत, प्रेषक व निमंत्रक यांच्या नावांनीच अधिक जागा व्यापलेली असते. त्यामुळे फॉन्ट निवडताना नुसते देखणेपण पाहून भागत नाही.

जाड आणि बारीक रेघांतला टोकाचा फरक हे इंडियन टाइप फाउंड्रीच्या रोझा वनचे सौंदर्य आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत बोदोनी या मुद्रकाने आणि फ्रान्समध्ये दिदो या मुद्रक घराण्याने रोमन अक्षरांत हा फरक टोकाला नेला. प्लेफेअर डिस्प्ले हा फॉन्टही ठळक फरकाचाच आहे, पण त्यात देवनागरी अक्षरे नसल्यामुळे तो आपल्या उपयोगाचा नाही. वधूवरांची नावे ३६ पॉइंटात रोझा वनमध्ये लावली की पत्रिकेला जो भारदस्तपणा येतो, तो मला तरी दुसऱ्या कोणत्याही मोफत फॉन्टमध्ये आढळलेला नाही.

मात्र हाच फॉन्ट १० पॉइंटावर आणला की अडचण सुरू होते. बोरूच्या वळणाने ‘ष’मधली तिरपी रेघ मुळातच बारीक पडते, खरबरीत कार्डावर स्क्रीन प्रिंटिंगने छापताना ती उडाली, तर ‘उषा’ची ‘उपा’ होते आणि ‘संतोष’चा ‘संतोप’. मरून कार्डावर सोनेरी शाईने छापायचे असेल तर हा धोका आणखी वाढतो.

नावांच्या लांब याद्यांसाठी आणि कार्यक्रमाच्या मजकुरासाठी म्हणून मी टिरो देवनागरी मराठी सुचवेन. मूर्ती क्लासिकल लायब्ररी या भारतीय अभिजात साहित्याच्या ग्रंथमालेसाठी घडवलेल्या अक्षरांतून तो आला आहे, त्यात जाड-बारीक फरक आहे पण संयत आहे, आणि ‘ल’ व ‘श’ आपल्या मराठी वळणाचे आहेत. ठळक वजन, म्हणजे जाड अक्षरांचे रूप, नाही, ही त्याची एकच उणीव.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता सात वजनांत मिळतो आणि त्याच्या रेघा जवळपास सारख्या जाडीच्या आहेत. मांडवाच्या फ्लेक्ससाठी आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या पत्रिकेसाठी तोच घ्यावा, कारण चित्र दाबले जाऊन पुसट झाले तरी अक्षर टिकते.

तिन्ही फॉन्ट मोफत असले तरी युनिकोडचे आहेत. पेजमेकर या पानमांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरला युनिकोड कळत नाही, त्यामुळे त्यावर काम करणाऱ्या प्रेसमध्ये ते चालणार नाहीत. आपल्या प्रेसमध्ये चालतील का, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच विचारून घ्यावे, आणि प्रूफ साध्या कागदावर न पाहता निवडलेल्या कार्डावरच मागावे.