एबीएस वाचणारा ब्लूटूथ स्कॅनर: इलेक्ट्रिक गाडीवर आठ महिने वापरल्यानंतर

इलेक्ट्रिक गाडीत एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा सहसा एकटा लागत नाही. ट्रॅक्शन कंट्रोल आणि हिल होल्डचे दिवेही लागतात. रीजनरेटिव्ह ब्रेकिंग (मोटरनंच गाडी मंदावून बॅटरी चार्ज करणं) कमी होतं किंवा बंदच पडतं, कारण मोटरनं चाक किती धरून ठेवायचं हे ठरवायला चारही चाकांचा वेग कळावा लागतो. ॲक्सिलरेटरचं पेडल सोडूनही गाडी मंदावत नाही, तेव्हा संशय मोटरवर किंवा मोठ्या बॅटरीवर जातो. दोष मात्र बहुतेक वेळा चाकाजवळच्या बोटभर सेन्सरमध्ये, त्याच्या वायरमध्ये किंवा १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीत असतो. पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही असेल तर स्कॅनर बाजूला ठेवा आणि गाडी चालवू नका.

साधा कोड रीडर इथे उपयोगाचा नाही. तो फक्त इंजिनचे ‘पी’ कोड, म्हणजे गाडीनं नोंदवलेल्या दोषांचे क्रमांक, वाचतो. इंजिनच नसलेल्या गाडीत तो ‘दोष नाही’ म्हणून मोकळा होतो. एबीएस मॉड्यूल (त्या यंत्रणेचा छोटा संगणक) उघडणारा, ‘सी’ (ब्रेक-चाकांकडचे) आणि ‘यू’ (मॉड्यूलांमधल्या संपर्काचे) कोड दाखवणारा आणि चारही चाकांचा चालू वेग देणारा स्कॅनर लागतो. हा स्कॅनर ते करतो. पण त्याच्या ॲपमध्ये आपलं मॉडेल आणि वर्ष आहे का, हे घेण्याआधी बघावं, कारण एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत फरक पडतो.

कोड वाचण्याआधी मल्टिमीटर. १२ व्होल्टची बॅटरी लेड-ॲसिड असेल तर काही तास उभ्या गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट हवेत, १२.२ म्हणजे ती अर्धी उतरली. गाडी ‘रेडी’ केल्यावर १३.५ ते १४.५ च्या आसपास दिसले की डीसी-डीसी कन्व्हर्टर (मोठ्या बॅटरीतून छोटीला वीज देणारा भाग) चार्ज देतोय. तीन-चार चाकांचे कोड आणि यू-०१२१ सारखे संपर्क तुटल्याचे कोड एकदम आले, तर चार सेन्सर एका दिवशी मेलेले नसतात. आधी ही बॅटरी, तिचे टर्मिनल आणि अर्थिंगची वायर तपासा.

एकाच चाकाचा कोड असेल तर काम सोपं. सी-००३५ पुढचं डावं, सी-००४० पुढचं उजवं, सी-००४५ मागचं डावं, सी-००५० मागचं उजवं. कंपन्यांचे स्वतःचे कोड याहून वेगळे असू शकतात. ॲपचा मोठा दोष इथेच आहे: कोड ‘सर्किट’चा असतो आणि ॲप ‘सेन्सर बदला’ असं सुचवतं. सर्किट म्हणजे सेन्सर, वायर, कपलर (वायर जोडणारा प्लग) आणि मॉड्यूलची पिन, सगळंच. कोपरा कळला, भाग नाही.

आजकालचे बहुतेक सेन्सर ॲक्टिव्ह, म्हणजे मॉड्यूलकडून वीज घेऊन चालणारे असतात. जुन्या दोन वायरींच्या कॉइल सेन्सरसारखा त्यांचा ओहम मोजून काही कळत नाही, उलट मीटरच्या करंटनं नुकसान होऊ शकतं. कपलर काढून मॉड्यूलकडच्या बाजूला व्होल्टेज येतं का ते बघा. बरीच मॉड्यूलं दोष दिसला की पुरवठा तोडतात, म्हणून शून्य दिसल्यास गाडी बंद-चालू करून पुन्हा मोजा. नाहीतर चांगल्या वायरवर खापर फुटतं. मग वायर हलवून बघा, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून. वरचं प्लॅस्टिक धड आणि आत तांबं तुटलेलं, हे वाकणाऱ्या जागी नेहमीचं. कपलरमध्ये हिरवट थर दिसला तर पाणी शिरलंय.

गंज हा इलेक्ट्रिक गाड्यांचा खास त्रास. ब्रेक कमी वापरले जातात, त्यामुळे डिस्क आणि आजूबाजूचं लोखंड जास्त गंजतं. सेन्सरच्या बैठकीखाली गंज फुगला की सेन्सर वर उचलला जातो. चाकासोबत फिरणाऱ्या ज्या रिंगवरून सेन्सर वेग वाचतो, तिच्यापासूनचं अंतर साधारण मिलिमीटरभर असतं, त्यात अर्ध्या मिलिमीटरनंही सिग्नल कमजोर होतो. बैठक तारेच्या ब्रशनं साफ करा आणि धातूची भुकटी नसलेलं ग्रीस अगदी पातळ लावा. अडकलेला सेन्सर उपसू नका, गंज सुटण्याचं तेल टाकून थोडा थोडा फिरवा. तरीही तो बऱ्याचदा तुटतो, म्हणून नवा आधी हाताशी ठेवा. सेन्सरच्या एम६ बोल्टला ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात. तरी मॅन्युअलचा आकडा शेवटचा. जॅक ठरलेल्या जागीच लावायचा, बॅटरी पॅकखाली कधीच नाही.

बेअरिंग नुकतंच बदललं असेल तर एक वेगळी शक्यता आहे. बऱ्याच गाड्यांत ही रिंग चुंबकी असते आणि बेअरिंगच्या एकाच बाजूला असते. बेअरिंग उलटं बसलं तर सेन्सरला काहीच दिसत नाही आणि कितीही सेन्सर बदलले तरी दिवा तसाच.

स्कॅनरबद्दल तक्रारी दोन. चारही चाकांचे आकडे एकदम मागितले की ते सेकंदाला दोन-तीनदाच बदलतात, सिग्नल क्षणभर गेला तर ते निसटतं. संशयित चाक आणि एक चांगलं चाक एवढेच दोन निवडा, सरळ रस्त्यावर २० किमी वेगापासून हळू थांबा, आकडे बघायला शेजारी दुसरा माणूस बसवा. दुसरी तक्रार: सॉकेटमध्ये तो कायम राहिला तर बॅटरी खातो. ४० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला जवळजवळ १ अँपिअर-तास. काम झालं की काढून ठेवायचा.

हायड्रॉलिक पाइप उघडायचं काम घरी करू नये. काही गाड्यांत नुसतं दार उघडलं तरी ब्रेकचा पंप दाब तयार करतो, आणि एबीएस युनिटमधली हवा काढायला पंप स्कॅनरनंच चालवावा लागतो, जे या ॲपला सगळ्या गाड्यांत जमत नाही.

कोड पुसण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. पुसल्यावर गाडी चालू करताच दिवा परत आला तर बहुधा सेन्सर, वायर किंवा कपलरमध्ये सर्किट तुटलंय. चाकं फिरल्यावर आला तर रिंग, अंतर किंवा बेअरिंग. दुरुस्ती बरोबर झाली असली तरी काही गाड्यांत दिवा लगेच जात नाही, थोडं अंतर साधारण २० किमी वेगानं गेल्यावरच मॉड्यूल स्वतःची तपासणी पूर्ण करून तो विझवतं.