लांबचं ट्रेनने, कच्चा रस्ता तिथल्या जीपने: गेल्या पावसाळ्यापासूनचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून आम्ही स्वतःची गाडी घेऊन लांब फिरणं बंद केलंय. लांबचं अंतर ट्रेनने, आणि जिथे डांबर संपतं तिथून पुढे तिथल्याच माणसाची फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी जीप, ड्रायव्हरसकट. यंदाच्या जूनपर्यंत असंच फिरलो, त्यात गोव्याचा दूधसागर धबधबा ट्रेन आणि जीप दोन्हींनी झाला आणि शेवटी हिमाचलमधलं स्पितीही झालं. बरेच जण विचारतात की नक्की काय परवडतं, काय बघायला मिळतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी दूधसागर, कारण एकच जागा ट्रेनमधून आणि जीपने किती वेगळी दिसते ते तिथेच कळतं. आम्ही मिरजेचे, त्यामुळे गोवा एक्सप्रेस सोयीची. पण एक लक्षात घ्या, इकडून जाताना घाट रात्री लागतो, काहीच दिसत नाही. वास्कोहून परत येताना दुपारनंतर उजेडात लागतो, म्हणून बघायचं ते येतानाच. टाइमटेबल मात्र एकदा चेक करा, पावसात गाड्या लेट होतात आणि उजेडाचं गणित बिघडतं.

घाटाच्या पायथ्याच्या कुळे स्टेशनला गाडी बराच वेळ थांबते. नवीन माणसाला वाटतं काहीतरी बिघाड झालाय, पण तिथे मागून बँकर, म्हणजे चढावर गाडी ढकलणारी जादा इंजिनं लावतात. कुळे ते कॅसलरॉक हा ब्रगांझा घाट, चढ 1:37, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर, आणि रेल्वेच्या हिशोबाने हा प्रचंड चढ आहे. मागून इंजिन लागताना सगळ्या डब्यातून एक धक्का जातो, वरच्या बर्थवर झोपलेला माणूस उठून बसतो, आणि मग गाडी हळूहळू निघते ती कॅसलरॉकपर्यंत घाई करतच नाही. पोर्तुगीज काळात 1880च्या दशकात ही लाइन या जंगलातून काढली. एकामागून एक बोगदे, मधे सोनालीम, दूधसागर, करंझोळ अशी छोटी स्टेशनं, आणि मग तो पूल, जो धबधब्याच्या बाजूने नाही तर मधूनच जातो. वर पाणी, खाली पाणी, मधे आपण. जुलैमध्ये तुषार खिडकीतून तोंडावर येतात, आईने तर चष्मा काढून ठेवला आणि खिडकीचा गज धरून बसली. चार टप्प्यांचा सुमारे 310 मीटरचा धबधबा आहे, पण ट्रेनमधून पूर्ण उंची एका नजरेत मावत नाही, जेमतेम काही मिनिटं दिसतो आणि पुढचा बोगदा येतो.

पावसाळ्यात स्लीपरच घ्या असं माझं ठाम मत आहे. एसीच्या काचांवर धुकं बसतं, बाहेरून मळलेल्या असतात, फोटो सोडा, नुसतं बघायलाही मजा येत नाही. दारात लटकायचं नाही, बोगद्याची भिंत फार जवळून जाते. आणि दूधसागर स्टेशनला उतरून रुळांवरून चालत जाणारी पोरं अजूनही दिसतात, तसं करू नका, रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पण त्याहीपेक्षा त्या वळणांवर वरून उतरणारी मालगाडी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

आता जीप. पावसात जीपचा रस्ता बंद असतो, साधारण ऑक्टोबरपासून सुरू होतो. कुळ्याहूनच लोकल असोसिएशनच्या जीप सुटतात, एका जीपमध्ये सात जण, लाइफ जॅकेट कंपल्सरी, भगवान महावीर अभयारण्याच्या गेटवर चेकिंग होतं. रस्ता म्हणजे लाल माती, दगड, मुळं आणि मधे मधे ओढे, ज्यात गाडी सरळ घालतात. आमचा ड्रायव्हर पाण्याच्या अलीकडे थांबला, लिव्हर टाकून फोर बाय फोर लावलं, पहिल्या गिअरमध्ये गाडी घातली आणि पलीकडे जाईपर्यंत ना गिअर बदलला ना अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला. मी विचारलं तर म्हणाला, "मध्येच पाय काढला तर सायलेन्सरमधून पाणी आत जाईल, मग इथेच बसायचं सगळ्यांनी." पाणी पायापर्यंत आलं तेव्हा मागच्या सीटवरच्या मुलांनी पाय वर घेतले आणि नुसता आरडाओरडा. कुठला दगड यंदाच्या पुरात सरकलाय हे त्याला पाठ आहे. आपण एसयूव्ही घेऊन गेलो असतो तरी हे आपल्याला कुठून कळणार, आणि तिथे खासगी गाड्या सोडत नाहीत तेच बरंय, जंगल आहे ते.

पुढे मोठमोठ्या दगडांवरून चालावं लागतं, आणि मग खालून पूर्ण धबधबा समोर उभा राहतो. वर मधेच पुलावरून एखादी गाडी जाते, आपण जुलैत तिथून बघत होतो हे लक्षात येतं आणि अंगावर काटा येतो. माकडं पिशव्या ओढतात, खाणं वर काढू नका. आईला मात्र मी जीपने नेलं नाही आणि गुडघ्याचा, पाठीचा त्रास असलेल्या कुणालाही नेऊ नये असंच सांगेन, दणके खरंच बसतात. त्यांच्यासाठी ट्रेनच बेस्ट.

आमच्या नातेवाईकांनी हेच किनाऱ्याकडच्या एका पॅकेजवाल्याकडून केलं. पहाटे उचललं, हॉटेल हॉटेल फिरत माणसं गोळा केली, मधे मसाल्याची बाग आणि जेवण, धबधब्यापाशी वेळ अगदी थोडा. शेवटी कुळ्यात जीप तीच, असोसिएशनचीच! पैसे मात्र बरेच जास्त. त्यापेक्षा आदल्या रात्री कुळ्यात किंवा मोलेला मुक्काम करा आणि सकाळी लवकर काउंटरवर जा.

या जंगलाबद्दल एक सांगायलाच पाहिजे. कॅसलरॉक ते कुळे लाइन डबल करायचं चाललं होतं, गोव्यातल्या लोकांनी मोलेच्या या जंगलासाठी मोठा लढा दिला आणि 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. मी रेल्वेप्रेमी आहे तरीही मला ते योग्य वाटतं. त्या सिंगल लाइनवर गाडी थांबते, उशीर होतो, होऊ दे.

स्पितीचं थोडक्यात. झेलम एक्सप्रेसने अंबाला, तिथून कालका आणि मग शिमल्याची टॉय ट्रेन. 1903 ची लाइन, सुमारे 96 किमी, 102 बोगदे, 2008 पासून जागतिक वारसा यादीत. वेळ खाते, पण शरीराला उंचीची सवय हळूहळू लागते हा मोठा फायदा. शिमल्यातून स्पितीतल्या काझाचाच एक ड्रायव्हर आधीच ठरवला होता, किन्नौरमधून नाको, ताबो करत वर गेलो. मनालीच्या बाजूने थेट चढलेल्या ग्रुपमधल्या दोघांना काझात डोकेदुखी आणि उलट्या सुरू होत्या, आमच्यात तसं कुणालाच झालं नाही. परतताना कुंझुम खिंड उतरून बाटलच्या पुढे रस्ता म्हणजे नुसते गोटे, आणि आमचे ड्रायव्हर भैय्या रोज पहाटे निघायची घाई का करतात ते तिथे समजलं. दुपारी ऊन तापलं की वरचा बर्फ वितळतो आणि सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी मांडीपर्यंत येतो. आम्ही सकाळीच पार झालो, दुपारी मागून आलेल्या गाड्या पलीकडे अडकून राहिल्या म्हणे. ताबोचा मठ 996 सालचा, बाहेरून साधा मातीचा, आत भिंतीभर चित्रं, तिथे घाई करू नका.

बुकिंगचं म्हणाल तर नोव्हेंबर 2024 पासून रिझर्व्हेशन 60 दिवस आधीच उघडतं, त्यामुळे सुट्टीची तिकिटं पहिल्याच दिवशी सकाळी काढायला बसावं लागतं, नाहीतर वेटिंग. जीपवाल्याला पैसे द्यायच्या आधी चार गोष्टी विचारा: ड्रायव्हर त्याच भागातला आहे का, गाडी खरंच फोर बाय फोर आहे का, रस्ता बंद झाला तर पैशांचं काय, आणि थांबायला किती वेळ मिळणार. या चारपैकी एकाचंही उत्तर गोलगोल आलं तर सरळ दुसरा बघा.