‘गिव्ह अप’ की ‘रिलिंक्विश’?

दोन्हींचा अर्थ ‘सोडणे’, पण काय सोडता यावर शब्द ठरतो. सिगारेट, चहा, आशा, प्रयत्न यांना ‘गिव्ह अप’. हक्क, ताबा, पद, दावा यांना ‘रिलिंक्विश’. ‘ही रिलिंक्विश्ड स्मोकिंग’ व्याकरणात बसते, पण कानाला खटकते.

‘गिव्ह अप’ कर्माशिवाय चालते: ‘आय गिव्ह अप’, म्हणजे हरलो, हात टेकले. ‘रिलिंक्विश’ सकर्मक आहे. काय सोडले ते सांगावेच लागते. सर्वनाम आले की ‘गिव्ह इट अप’ म्हणायचे, ‘गिव्ह अप इट’ नव्हे.

मराठी माणसाची हमखास चूक ‘फ्रॉम’ची. आपण ‘पदावरून’ म्हणतो, म्हणून ‘रिलिंक्विश्ड फ्रॉम द पोस्ट’ लिहिले जाते. ‘फ्रॉम’ ‘रिझाइन’ला लागतो, इथे थेट ‘रिलिंक्विश्ड द पोस्ट’. कोणाच्या हाती सोडले हे सांगायला ‘टू’, कशावरचे नियंत्रण हे सांगायला ‘ओव्हर’ किंवा ‘ऑफ’. उच्चारात जोर ‘लिं’वर.

कागदोपत्री हा फरक फार महत्त्वाचा. आपले हक्कसोडपत्र म्हणजे ‘रिलिंक्विशमेंट डीड’. महाराष्ट्रात ‘रिलीज डीड’ही म्हणतात. बहीण वडिलोपार्जित घरातला हिस्सा भावाला सोडते, तेव्हा हा दस्त होतो. तो सहहिस्सेदाराच्याच लाभात करायचा. त्रयस्थाला हिस्सा द्यायचा तर बक्षीसपत्र किंवा खरेदीखत लागते. स्थावर मालमत्तेसाठी नोंदणी हवीच, १९०८च्या नोंदणी कायद्याचे कलम १७ तेच सांगते. अशा मसुद्यात ‘गिव्ह अप’ लिहू नका, ते फार सैल वाटते.