मारुती रोडचा दुरुस्तीवाला आणि लोगोवर अडकलेली आमची स्टिक

आमच्या टीव्हीच्या मागे लावलेली स्ट्रीमिंग स्टिक, म्हणजे नेटवरच्या मालिका-सिनेमे टीव्हीवर दाखवणारी कांडी, मार्चअखेरीला रुसली. साफ बंद पडली असती तर बरं. हिचं वेगळंच. लोगो यायचा, अर्धा मिनिट थांबायचा, पडदा काळा, की परत लोगो. आई दोन दिवस हात जोडून बसल्यासारखी समोर बसली आणि तिसऱ्या दिवशी शेजारी मालिका बघायला गेली. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. मार्चअखेर म्हणजे सौदे जोरात आणि वर्षाचा हिशेब मानेवर, त्यामुळे घरातल्या लोगोकडे बघायला सवड नव्हती.

रविवारी हात घातला. रिमोटचे सेल बदलले. स्टिक एचडीएमआयच्या दुसऱ्या खाचेत लावून पाहिली. राउटर बंद-चालू केला. आता कळतं की यातल्या कशाचाच लोगोशी संबंध नव्हता. नेट नसतं तर स्टिक सुरू होऊन तसं लिहून तरी दाखवते. आमची मुळात उठतच नव्हती. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला, तर 'फॅक्टरी रिसेट करा' म्हणाले. एकदा कशीबशी पाच मिनिटं चालली तेव्हा तेही करून बसलो. सगळी खाती पुसली गेली. ओटीपी पुण्यात लेकीच्या मोबाईलवर, लेक मीटिंगमध्ये, आणि ती फोन उचलेपर्यंत लोगो परत हजर. पुन्हा कस्टमर केअरला विचारलं, तर वॉरंटी संपली आहे, नवीन घ्या, सवलत देऊ.

यार्डातल्या एका हमालाने मारुती रोडच्या बोळातलं दुकान सांगितलं. दुकान कसलं, जिन्याखालची खोली. पाटी नाही. भिंतीवर २०१९ च्या पुराची रेघ अजून दिसते, आणि सगळा माल त्या रेघेच्या वरच्या फळ्यांवर. खाली फक्त मालक आणि एक स्टूल.

मी स्टिक रुमालात गुंडाळून नेली होती. त्यांनी ती हातात घेऊन विचारलं, "वायर न् ॲडाप्टर कुठाय, काका?"

"घरी."

"म्हणजे बॅटरी घरात ठेवून गाडी आणलीय की ओ तुम्ही!"

गेलो परत विश्रामबागला. संध्याकाळी सगळं घेऊन आलो. आधी त्यांनी स्टिक स्वतःच्या वायरीवर, स्वतःच्या ॲडाप्टरवर लावली. लोगो आला, गेला, आणि मुख्य पडदा उघडला. मी बघतच राहिलो. मग माझी वायर घेतली आणि मध्ये काडेपेटीएवढा मीटर अडकवला. पाच व्होल्टच्या आसपास दिसायला हवं तिथं लोगो येईपर्यंत ठीक होतं. स्टिकने वायफाय पकडायला सुरुवात केली आणि आकडा घसरत ४.३ वर आला. पडदा काळा.

"घरी कुठं लावलेली?"

"टीव्हीच्याच यूएसबीत. ॲडाप्टर माझ्या फोनला वापरतो."

झालं, निदान तिथंच संपलं. टीव्हीच्या साध्या यूएसबी खाचेतून साधारण अर्धा अँपिअर मिळतो, स्टिकला लागतो एक. दोन वर्षं निभावलं ते कंपनीची मूळ वायर चांगली होती म्हणून. ती फेब्रुवारीत जावईबापू फोन चार्ज करायला घेऊन गेले. जावयांकडे वायर परत मागणार कशी? म्हणून मी स्टँडजवळ रस्त्यावरून साठ रुपयांची घेतली. आत तांबं केसाएवढं. आधीच अर्धं पाणी येणाऱ्या नळाला मी फाटकी पाइप जोडली होती. शिवाय टीव्ही बंद केला की ती खाचही बंद होते, त्यामुळे स्टिक अपडेट घेत असली तरी मधेच तिचं बटण पडल्यासारखं व्हायचं.

दुसरी चूक त्यांनी न बघता ओळखली. "खोक्यात बोटभर एचडीएमआयची वायर होती, ती लावलीय?" नव्हती. अजून प्लास्टिकच्या पिशवीत होती. स्टिक थेट टीव्हीत खुपसली की टीव्ही न् भिंतीच्या मधे तापत राहते आणि टीव्हीच्या आड वायफायही नीट मिळत नाही. त्या तुकड्यावर ती जरा बाहेर लोंबते, वारं लागतं.

खर्च दोनशे: दीडशेची जाड वायर, पन्नास तपासणीचे. ॲडाप्टर फळीवर होते, पण विकला नाही; घरचाच लावा म्हणाले. मला हा माणूस पटला तो मीटरमुळे. आमच्याकडे काट्यावर चढल्याशिवाय पोत्याला भाव लागत नाही. त्या कस्टमर केअरने काटा न लावताच माल बाद ठरवला होता. माझी जुनी वायर मी खिशात घालत होतो, ती त्यांनी मागून घेतली आणि पकडीने दोन तुकडे केले. "घरात राहिली की कोणतरी परत लावतंय."

तीन आठवडे झाले, स्टिक एकदाही अडकली नाही. आई घरी परतली.

तक्रारीही आहेत. फोन उचलत नाहीत, उचलला असता तर माझी एक खेप वाचली असती. बिल मिळत नाही. दुपारी एक ते चार शटर खाली. शनिवारी बाजारामुळे त्या बोळात सायकलसुद्धा शिरत नाही. जाणार असाल तर स्टिक, वायर, ॲडाप्टर, रिमोट सगळं एका पिशवीत घालून न्या, आणि अकराच्या आत जा. स्टूल एकच आहे.