उत्तरायणाच्या गच्चीसाठी तयार पफ शीट: बडोद्यात मिळणाऱ्या दोन प्रकारांविषयी

उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाला, गच्चीवर वीस-पंचवीस माणसे जमणार असली, तर उंधियू आणि जिलेबी बाहेरून येतेच. प्रश्न असतो तो मधल्या वेळी एका हाताने खाता येईल आणि फिरकी धरणाऱ्यालाही तोंडात टाकता येईल अशा तिखटमिठाच्या पदार्थाचा. छोटे पफ यासाठी उत्तम, पण त्याचे पापुद्रे घरी करणे हे दिवसभराचे काम असल्यामुळे मी बडोद्यात सहज मिळणारी दोन प्रकारची तयार कच्ची शीट्स वापरून पाहिली. एक दांडिया बाजाराच्या बाजूला बेकरीचे सामान विकणाऱ्या दुकानातले, मार्जरीनचे (म्हणजे वनस्पती तेलांपासून केलेल्या, बटरऐवजी वापरायच्या स्निग्ध पदार्थाचे); दुसरे घरपोच किराणा देणाऱ्या ॲपवरून मागवलेले, बटरचे. दुकानदार मोठ्या खोक्यातला माल सुटा करून साध्या पिशवीत देतो, त्यामुळे पहिल्याला सांगण्यासारखे नाव नाही. दुसऱ्याला आहे, परंतु पुढे त्याच्याविषयी एक तक्रार यायची असल्याने ते येथे देत नाही.

अशा शीटचे पैसे आपण मैद्यासाठी देत नसतो. ते देतो त्यातल्या स्निग्धांशासाठी आणि तो आपल्या हाती येईपर्यंत राखलेल्या गारव्यासाठी. मैद्याच्या पोळीत बटरची लादी गुंडाळून, ती लाटून तिची तिपदरी घडी घालायची, आणि हेच सहा वेळा करायचे, अशी याची रूढ पद्धत आहे. त्या हिशेबाने बटरचे ७२९ थर तयार होतात. ओव्हनच्या उष्णतेने पिठातल्या पाण्याची वाफ होते, ती वाफ वरचा पापुद्रा उचलते आणि मधला स्निग्ध थर दोन पापुद्र्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. फुगवण्यासाठी त्यात सोडा किंवा यीस्ट काहीही नसते. म्हणूनच ओव्हनमध्ये जाण्याआधी ते बटर वितळून मैद्यात मुरले, तर सारी घडीमोड वाया जाते आणि हाती जाड, तेलकट बिस्किट येते. बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळते आणि त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडते; मे महिन्यात बडोद्याचा पारा ४० च्या वर असताना हे काम ओट्यावर करणे किती अवघड आहे, हे निराळे सांगायला नको. जानेवारीतली सकाळ मात्र या कामाला अगदी अनुकूल असते.

मार्जरीनचे शीट हाताळायला सोपे आहे यात शंका नाही. पफसाठी बनवलेले मार्जरीन बटरपेक्षा बऱ्याच जास्त तापमानाला वितळते. त्यामुळे शीट ओट्यावर पाऊण तास राहिले तरी घड्या जागच्या जागी राहतात, कापताना सुरीला काही चिकटत नाही आणि भाजल्यावर सगळे पफ सारख्या उंचीचे, दुकानात मांडल्यासारखे दिसतात. मात्र जो गुण हाताळताना उपयोगी पडतो, तोच खाताना दोष ठरतो. तोंडातल्या उबेने हे मार्जरीन पूर्ण वितळत नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्या घासानंतर टाळूवर मेणचट थर जाणवू लागतो. गरम असताना तो फारसा कळत नाही. गार पफ खाल्ला की हमखास कळतो. बटरचे शीट भाजल्यावर थोडे कमी आणि किंचित वेडेवाकडे फुगले, पण रंग अधिक खमंग आला, वास घरभर पसरला आणि पापुद्रा जिभेवर ठेवताच विरघळला. किंमत जवळजवळ दुप्पट आहे. चार माणसांसाठी मी बटरचेच घेईन. पंचवीस माणसांसाठी, आत चटकदार सारण असताना आणि पफ गच्चीवर गरमागरम जाणार असताना, मार्जरीनचे घ्यायला माझी हरकत नाही. मात्र दुकानदाराला मूळ खोके दाखवायला सांगावे आणि त्यावरचे घटक वाचावेत. खाद्यतेले आणि स्निग्ध पदार्थांतल्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे हृदयाला अपायकारक स्निग्धांशावर, भारतात जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, तेव्हा ज्या मालाचे खोकेच दाखवायला दुकानदार कांकू करतो तो न घेतलेला बरा.

आता तक्रार. ॲपवरून आलेल्या बटरच्या शीटची पहिली पाकिटे बाहेरून कडक होती, पण उघडल्यावर आत बर्फाचे बारीक खडे निघाले, शीटच्या घड्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या आणि एका कोपऱ्यात पिवळट बटर बाहेर येऊन पुन्हा गोठले होते. वाटेत किंवा गोदामात माल एकदा वितळून पुन्हा गोठवला गेल्याची ही उघड खूण आहे. पैसे परत मिळाले, बदली पाकिटे चांगली निघाली. पण कार्यक्रमाच्या आदल्या रात्री हा प्रकार झाला असता, तर परत आलेल्या पैशांचा काही उपयोग नव्हता. दांडिया बाजारातल्या दुकानात निदान फ्रीजरमध्ये हात घालून, शीट सपाट आणि कोरडे आहे ना हे पाहून घेता येते. शीट घरी नेण्यासाठी थर्मोकोलचा डबा सोबत न्यावा. दुकानदार देतो ती वर्तमानपत्राची गुंडाळी केवळ मनाच्या समाधानासाठी आहे.

दोन्ही शीट्स फ्रीजरमधून काढून रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावीत, थेट ओट्यावर नव्हे. सात सेंटीमीटरचे चौकोन कापताना सुरी ओढू नये, वरून खाली सरळ दाबावी. ओढल्याने कडेचे पापुद्रे एकमेकांत दबतात आणि ती बाजू फुगत नाही. वरून दूध लावतानाही ते कडेवरून ओघळू देऊ नये, कारण तेथे ते डिंकाचे काम करते. ओव्हन आधी २०० अंशांवर पूर्ण तापलेला हवा. छोट्या ओटीजीत (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) एका वेळी एकच ट्रे ठेवावा आणि पहिली दहा मिनिटे दार उघडण्याचा मोह आवरावा. त्यानंतर १८० अंशांवर आणखी आठ-दहा मिनिटे दिली की तळही खरपूस होतो. वरून सोनेरी दिसणारा पफ उलटा करून पाहिल्याशिवाय बाहेर काढू नये, कारण या शीट्सचा तळ कच्चा राहण्याकडे कल असतो.

सारण गार आणि कोरडे असणे ही एकच अट आहे, पण ती कडक आहे. या दिवसांत बडोद्याच्या भाजीबाजारात तुरीचे ओले दाणे मुबलक असतात. ते भरड वाटून, हिरवी लसूण, आले, मिरची, ओले खोबरे आणि चिमूटभर साखर घालून तेलावर पाणी पूर्ण आटेपर्यंत परतले, तर बटाट्या-मटाराच्या नेहमीच्या सारणाची आठवणही राहत नाही. हेच सारण शीटवर पातळ पसरून, अळूवडीसारखा घट्ट गुंडाळा करून, तो अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवून त्याच्या बोटभर जाडीच्या चकत्या कापल्या, तर तोंड बंद करण्याची कटकटही वाचते. किसलेले पनीर आणि मिरपूड हे दुसरे सारण. पनीर मात्र फडक्यात बांधून वजनाखाली ठेवून मगच घ्यावे.

बडोद्यात पाहुण्यांचा पहिला प्रश्न अंड्याचा असतो. दोन्ही शीट्समध्ये अंडे नाही, वरून दूध लावल्याने भागते, आणि मूळ पाकिटांवर हिरवा ठिपका आहे. जैन शेजाऱ्यांसाठी केलेल्या पनीरच्या पफवर कलौंजी आणि लसणीच्या पफवर तीळ पेरले, की गच्चीवर कोणाला काही विचारावे लागत नाही. "काकू, काळे दाणेवाला आपला ना?" एवढे विचारून मुले स्वतःच उचलतात.

भरलेले कच्चे पफ ट्रेवर सुटे गोठवून मग डब्यात भरून ठेवता येतात आणि न वितळवता थेट ओव्हनमध्ये जातात. पाच-सहा मिनिटे अधिक द्यावी लागतात, एवढेच. त्यामुळे आदल्या आठवड्यात सगळे भरून ठेवून उत्तरायणाला फक्त भाजण्याचे काम उरते. भाजलेले उरले तर मायक्रोवेव्हच्या वाटेला जाऊ नये, कारण त्यात पापुद्रे मऊ पडतात. १६० अंशांवर पाच मिनिटे पुरतात.

माणशी तीन ते चार छोटे पफ धरावेत. वासी उत्तरायणालाही, म्हणजे सणाच्या दुसऱ्या दिवशीही, गच्ची भरणार असेल, तर शीट्स १२ तारखेच्या आत घ्यावीत. १४ आणि १५ जानेवारीला बेकरीच्या सामानाचे ते दुकान बंद असते, आणि त्या दोन दिवसांत घरपोच येणाऱ्या गोठवलेल्या मालावर मी तरी भरवसा ठेवणार नाही.