नारळावर पाणी शोधून देणारी सेवा: बोअर घेण्याआधी वाचा

बोअर घ्यायचा ठरला की पुण्यात बावधन, उंड्री, वाघोलीकडच्या सोसायट्यांत अजूनही आधी पाणाड्याला बोलावणं जातं. तो प्लॉटभर फिरतो, तळहातावर आडवा ठेवलेला नारळ एका जागी उभा राहतो, तिथे चुन्याची फुली पडते आणि 'दोनशे फुटांवर दोन इंची पाणी' असा आकडाही मिळतो. या सेवेवर पैसे घालवू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण नारळ खरोखर उभा राहतो आणि फुलीवर पाणीही पुष्कळदा लागतं, त्यामुळे नुसतं 'थोतांड' म्हणून भागत नाही.

तळहातावरचा नारळ मुळातच डळमळीत असतो. बोटं किंचित वळली की तो कलंडून उभा राहतो. काही पाणाडे नारळाऐवजी कडुनिंबाची बेचकी किंवा पितळेच्या सळया वापरतात. बेचकी ताण देऊन धरलेली असते, म्हणून मनगट जरा फिरताच ती झटक्यात वळते. एल आकाराच्या सळयांना तर एक-दोन अंशांचा कल पुरतो. हे आपण करतोय हे धरणाऱ्यालाही कळत नाही, त्यामुळे अनेक पाणाडे अगदी प्रामाणिक असतात. अशा नकळत होणाऱ्या हालचालींचं वर्णन विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने 1852 मध्येच केलं होतं. जर्मनीत कासेलला 1990 मध्ये 30 पाणाड्यांची चाचणी झाली. पाइप 50 सेंटिमीटर खोल पुरलेला, त्यातून पाणी वाहतंय की नाही एवढंच सांगायचं होतं. उत्तरं नाणेफेकीइतकीच बरोबर आली.

मग बोअरला पाणी का लागतं? पुण्याखाली बेसाल्टचे थरावर थर आहेत. पाणी मुरमात, सच्छिद्र खडकात आणि दोन थरांच्या सांध्यात पसरलेलं असतं. पाणाडे सांगतात तसे बारीक झरे फारसे नसतात. त्यामुळे एकाच प्लॉटवर चार ठिकाणी खोदलं तरी बऱ्याचदा तोच थर लागतो. उभ्या भेगांवर अवलंबून असलेल्या जागी मात्र वीस फूट बाजूला सरकलं तरी बोअर कोरडा जातो, आणि नारळ नेमका तिथेच तोंडघशी पाडतो. शिवाय फुली सोडून शेजारी कोणी खोदून बघत नाही. जानेवारीत ओल दिसली की 'लागलं' म्हणायचं, मेमध्ये बोअर आटला की पावसाला दोष द्यायचा.

पाणाड्याची खरी विक्री खात्रीची असते. लाखाच्या घरातला खर्च, सभेतले वाद, आणि एक माणूस बोट दाखवून निर्णय देतो. भूवैज्ञानिक फक्त शक्यता सांगतो, म्हणून तो फिका वाटतो.

कमिटी ऐकतच नसेल तर चाचणी घ्या. पाणाड्याने पहिल्या फेरीत दाखवलेल्या दोन-तीन जागा जमिनीवर न आखता टेपने मोजून लिहा. मग डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला दुसऱ्या कोपऱ्यातून फिरवा. सोबत चालणाऱ्याला त्या जागा माहीत नसाव्यात, नाहीतर त्याची पावलं नकळत मंदावतात. किती अंतरापर्यंतची चूक मान्य, ते आधीच ठरवा. एक मीटर पुरे.

भूवैज्ञानिक करतात त्या विद्युतरोधकता सर्वेक्षणालाही (जमिनीत वीज सोडून खालच्या थरांचा अंदाज घेण्याला) शहरात मर्यादा आहेत. 200 फुटांपर्यंतचा अंदाज यायला सळया सुमारे दोनशे मीटरच्या सरळ रेषेत रोवाव्या लागतात, आणि पाइप, केबल, काँक्रीट यांनी वाचन बिघडतं. अशा जागी आसपासच्या बोअरची माहिती जास्त उपयोगी: पाणी किती फुटांवर लागलं, मेमध्ये पातळी किती होती. शिवाजीनगरच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडेही चौकशी करा.

खोदताना दर दहा फुटांचा चुरा वेगळा ठेवा आणि तांबडा थर, ओल, पाण्याची धार कुठे आली ते नोंदवा. केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात घालायचा पाइप, मुरूम संपून टणक खडकात रुतेपर्यंत हवंच; तिथे पैसे वाचवले की बोअर ढासळतो आणि वरचं घाण पाणी आत जातं. मे महिन्यात पंप सलग काही तास चालवून पातळी किती उतरते आणि किती वेळात परत येते हे मोजल्याशिवाय कुठल्याही बोअरला यशस्वी म्हणू नका.